आक्काची मेंढरं आणि नैरोबीतलं एक वाक्य

हल्ली टीव्हीवर हवामान परिषदेची बातमी लागली की घरातले मला हाक मारतात, "बाबा, या, तुमचं लागलंय." मी उठून जातो, कोट-टाय घातलेली माणसं बघतो आणि मला हटकून थंडी वाजते. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या परदेश प्रवासात मी सगळ्यात जास्त काय केलं असेल तर कुडकुडलो. तेही आफ्रिकेत.

साल सत्त्याहत्तर. वाळवंटं पसरताहेत, कोरडवाहू मुलूख उजाड होतोय, पाऊस भरवशाचा राहिला नाही, त्याचं काय करायचं हे ठरवायला जगातल्या देशांची परिषद नैरोबीला भरणार होती. मी सोलापुरात मृदसंधारणाच्या सरकारी नोकरीत. बहात्तरच्या दुष्काळानंतर सांगोल्याच्या माळांवर गवत, बांध आणि माती यांच्या मागे बरीच वर्षं हिंडलेलो. दिल्लीहून जाणाऱ्या शिष्टमंडळात प्रत्यक्ष रानात काम केलेला एक तरी माणूस असावा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि माझं नाव निघालं. माझंच का, हे मी कधी विचारलं नाही. उगाच विचारायला जावं आणि त्यांनी चूक दुरुस्त करावी.

भवानी पेठेत आम्ही राहायचो तिथं ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. शेजारचे नरसय्या टॉवेल विणायचे. त्यांनी सहा टॉवेल आणून दिले आणि म्हणाले, "घाम लई येतंय तिकडं. पुसायला लागतंय." अख्ख्या पेठेचं एकमत होतं की आफ्रिका म्हणजे ऊन. मीही सुती बुशशर्ट शिवले, स्वेटर ट्रंकेत तळाला ठेवला आणि ट्रंक घरीच राहिली.

सांगोल्याकडचा माळ

निघण्याआधी आक्काला भेटून आलो. आक्का माझी थोरली बहीण. आम्ही धनगर, घरात शाळेत गेलो तो मी एकटा. मेंढरं आक्का आणि दाजींकडे. श्रावण संपत आला की ते माढ्याच्या बाजूला निघायचे. तिकडं ज्वारीची पेरणी भाद्रपदानंतर, तोवर रानं मोकळी. शेतकरी स्वतः बोलावणं धाडायचे. मेंढरं रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत रानाला मिळायचं आणि धनगराला ज्वारी. आमच्या वडिलांपासून चालत आलेला हा रस्ता. आक्काचं पोट त्याच रस्त्यावर.

आणि नेमकं त्याच रस्त्यावर परिषदेचं एक वाक्य आडवं आलं होतं. मसुद्याचे कागद मला आधीच मिळाले होते. त्यात लिहिलं होतं, की कोरड्या मुलखातल्या शेळ्या-मेंढ्यांची संख्या सरकारांनी कमी करावी आणि फिरत्या मेंढपाळांना एका जागी वसवावं. मी सरकारी नोकर, अशा वाक्यांचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. परिषदेत पास झालेलं वाक्य दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून सोलापूरला येणार, आणि एक दिवस गायरानाच्या तोंडाशी चौकीदार उभा राहणार.

आक्काला हे समजावून सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"म्हंजे मेंढरं इकाय लावत्याल?"

"लावतील. आज न्हाय, पण लावतील."

"आन् आमी बसून काय करायचं?"

"ते त्यात लिवलेलं न्हाय."

तिनं भाकरी उलटली. "मग त्येवडं वाक्य काडून ये की," ती म्हणाली, बाजारातून येताना मीठ आण म्हणावं तशी. वर एक घोंगडी माझ्या अंगावर टाकली. मी म्हटलं, "आक्का, तितं ऊन आसतंय." ती म्हणाली, "आसू दे. टाकायला व्हईल." कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीची पुरचुंडी दिली ती वेगळीच.

नैरोबी

विमानातून उतरलो आणि दात वाजायला लागले. नैरोबी उंचावर आहे आणि ऑगस्टमध्ये तिथं आभाळ खाली आलेलं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या मंडळाचे प्रमुख मेहरासाहेब दिल्लीचे, मोठे अधिकारी, पन्नाशी ओलांडलेले, जरा तिरसट पण मनानं मोकळे. त्यांनी माझ्या बुशशर्टाकडं पाहिलं आणि म्हणाले, "गडदेजी, आपण पोहायला आला आहात का?"

हॉटेलात बॅग उघडली तर चटणीची पुरचुंडी फुटलेली. परिषदेच्या कागदांना तेल लागलं होतं, आणि पुढचे सगळे दिवस मी सभागृहात बसलो की आजूबाजूला लसणाचा वास सुटायचा. शेजारच्या बाकावर सुदानचे गृहस्थ होते. त्यांनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, हे काय आहे. मी चौथ्या दिवशी भाकरीच्या तुकड्यावर थोडी घालून आणली. त्यानंतर ते माझ्याआधी येऊन बसायला लागले.

झोप मात्र लागेना. भवानी पेठेत मागांची खडखड रात्रंदिवस चालायची, तिच्यावाचून मला झोपायची सवय नव्हती. इतकं शांत शहर मी पाहिलं नव्हतं. घोंगडी डोक्यावरून घेतली, तिला मेंढरांचा वास होता, त्या वासात कुठं जरा डोळा लागला. आक्काला मनातल्या मनात शंभरदा नमस्कार केला.

खाण्याचे हाल होतील म्हणून सगळ्यांनी घाबरवलं होतं. तसं काही झालं नाही. बाजारपेठेत गुजराती माणसांची दुकानं आणि खानावळी होत्या, पण मला तिथल्या लोकांचंच जेवण आवडलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, उगाली म्हणतात. आपण ज्वारीच्या कण्या गार होऊ दिल्या की जसा गोळा होतो, तसाच. हातानं तोडायचा, बोटानं खळगा करायचा आणि पालेभाजीत बुडवायचा. त्या भाजीच्या नावाचा अर्थच मुळी आठवडा ढकलणारी असा आहे. आठवड्याच्या शेवटी घरात दुसरं काही उरलं नाही की ही. आमच्याकडं अंबाडीची भाजी हेच काम करते, फक्त तिला कुणी इतकं खरं नाव दिलं नाही. चहा मात्र आपल्यासारखाच, दुधाचा आणि भरपूर साखरेचा. त्या चहावर मी तग धरला.

सभागृहात

परिषद म्हणजे मोठमोठी भाषणं, असं मला वाटायचं. भाषणं होतीच, पण खरं काम लहान समित्यांत. तिथं एकेका शब्दावर भांडण. ज्या शब्दावर मतभेद तो चौकोनी कंसात घालायचा. आमचं वाक्य पहिल्या दिवसापासून कंसात होतं.

चहाच्या सुटीत मेहरासाहेबांभोवती नेहमी घोळका असायचा. आफ्रिकेतले, अरबस्तानातले लहान देश, नुकतेच स्वतंत्र झालेले. त्यांची माणसं दोन-दोनच, एकाच वेळी चार समित्या कशा गाठणार? ते येऊन विचारायचे, भारत काय म्हणणार आहे? तुम्ही आधी बोला, आम्ही मागून बोलतो. मी कोपऱ्यात कप धरून बघायचो आणि मला आपल्या देशाचा फार अभिमान वाटायचा. घरी आपण धान्यासाठी रांगा लावतो आणि इथं लोक आपल्या तोंडाकडं बघतात, याचं नवल वाटायचं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. श्रीमंत देशांनी कारखाने काढले, धूर सोडला, जंगलं तोडून झाली, आणि आता गरिबाच्या शेळीवर बोट ठेवताहेत. रानं सुधारायची तर पैसा आणि यंत्रं द्या. त्यासाठीचा एक परिच्छेद त्यांनी जिवापाड जपला होता: 'श्रीमंत देश निधी देतील.' त्यातला 'देतील' हा शब्दसुद्धा कंसात होता. धुरानं सगळ्या पृथ्वीचंच हवामान पालटेल, असं एक तरुण शास्त्रज्ञ चहाच्या वेळी सांगत होता. लोक हसले. मीही हसलो असेन, आता आठवत नाही.

मग एका दुपारी एका युरोपीय देशाचे तज्ज्ञ बोलायला उभे राहिले. उंच, सभ्य, हळू बोलणारे. त्यांनी परिषदेला सादर झालेला आमच्याच देशाचा निबंध हातात धरला आणि त्यातलं कोष्टक वाचून दाखवलं. सोलापूरकडच्या कोरड्या तालुक्यांतून मेंढ्या दुष्काळानंतरही भरमसाट वाढल्या होत्या. "हे आम्ही म्हणत नाही," ते शांतपणे म्हणाले, "भारत म्हणतो."

खोलीत कुजबुज झाली. मेहरासाहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "हे खरं आहे?"

मी कोष्टक पुन्हा चाळलं. ते आकडे वरून आलेले होते. माझ्या डोळ्यांना तर माळावर मेंढरं कमीच दिसत होती. बहात्तर साली आक्काचीच निम्मी मेली होती.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "मग सोडून देऊ ते वाक्य. मेंढ्यांचं त्यांना देतो, त्याच्या बदल्यात निधीचं वाक्य पदरात पाडून घेतो. सौदा वाईट नाही." देशाचा विचार केला तर खरंच वाईट नव्हता. मी मान हलवली आणि जिना उतरलो.

मसाईंच्या मुलखात

रविवारी पाहुण्यांना सहलीला नेलं, त्यात ते युरोपीय तज्ज्ञही होते. नैरोबीच्या दक्षिणेला मसाई लोकांचा मुलूख. गाडीतून बाहेर पाहिलं तर आमचाच माळ. पिवळं गवत, बाभळी, लांबवर एकटीच टेकडी, आणि काठी खांद्यावर आडवी टाकून एका पायावर उभा असलेला माणूस. अंगावर तांबडं फडकं नसतं तर मी दाजींना हाकच मारली असती.

आमच्याबरोबर किमानी नावाचा तिथला पशुसंवर्धन अधिकारी होता, हसरा, माझ्याच वयाचा. त्यानं आम्हाला एका म्हाताऱ्या मसाईच्या वस्तीवर नेलं. गोल काटेरी कुंपण, आत शेणानं लिंपलेल्या बुटक्या झोपड्या. आमचं मेंढरं कोंडायचं वाडगं जाळीचं असतं, त्यांचं काट्यांचं, आतली काळजी तीच. म्हाताऱ्यानं बसायला घोंगडीऐवजी कातडं टाकलं आणि दुधानं भरलेला पोकळ भोपळा पुढं केला. दुधाला धुराचा वास होता. तज्ज्ञसाहेबांनी ओठ लावून परत दिला. मी सगळा प्यालो आणि तोंड पुसलं, तेव्हा म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागला.

तज्ज्ञांनी विचारलं, "गुरं किती आहेत?"

किमानीनं प्रश्न सांगितला. म्हाताऱ्यानं टेकडीकडं पाहिलं, सावकाश थुंकला आणि एक शब्द बोलला. किमानी म्हणाला, "सगळी आहेत म्हणतो."

"पण किती?"

पुन्हा तेच. तज्ज्ञ कंटाळून बाजूला झाले. मला मात्र हसू आवरेना, कारण आमच्याकडंही असंच. जित्राब मोजून तोंडानं आकडा सांगायचा नाही, सांगितलं की दृष्ट लागते, कमी होतात. आमच्या वडिलांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "हायती की बिरोबाची." संध्याकाळी वाडग्यात शिरताना एखादं कमी असलं तर न मोजता त्यांना कळायचं.

मी किमानीला विचारलं, "मग तुम्ही सरकारात आकडे कसे लिहिता?"

तो पोट धरून हसला. म्हणाला, "ही गुरं चालत राहतात. इथला माणूस बघतो, अंदाजानं लिहितो. पुढच्या ठाण्याला तीच गुरं जातात, तोही लिहितो. एकाच गाईला मी तीन ठिकाणी भेटलोय."

दोन वर्षांपूर्वी आक्कानं हसत हसत सांगितलेली गोष्ट मला लख्ख आठवली. गावोगाव तलाठी येऊन मेंढरं लिहून घ्यायचे. आक्का म्हणायची, "लिवा की काय बी." आणि तलाठी लिहायचा, वाडगं मोठं दिसलं की मोठा आकडा. सांगोल्यात लिहिली, भीमेच्या अलीकडं लिहिली, माढ्यात लिहिली. तीच मेंढरं. प्रत्येक गावात नव्यानं जन्माला आलेली. आमच्या देशाच्या निबंधातली वाढ ती हीच होती, आणि माझ्या बहिणीनं एकही मेंढरू विकत न घेता ती घडवून आणली होती.

मेहरासाहेबांची घोंगडी

संध्याकाळी साहेबांच्या खोलीवर गेलो. ते थंडीनं हैराण झाले होते. मी माझी घोंगडी आणून दिली. त्यांनी वास घेऊन नाक मुरडलं, मग गुंडाळून घेतली आणि पुन्हा सोडली नाही. भारताच्या मंडळाचे प्रमुख काळी घोंगडी पांघरून, हातात कडक भाकरीचा तुकडा घेऊन पलंगावर बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. आक्काचंही सांगितलं. तलाठ्याचंही.

त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, मला काय करायला सांगताय ते? पस्तीस देश आपल्या भरवशावर बसलेत. त्यांच्यादेखत उठून सांगू, की भारताला आपल्या मेंढ्या मोजता येत नाहीत?"

"होय साहेब."

"आणि उद्या ते म्हणाले, की मोजता येत नसेल तर निधी कशाच्या जोरावर मागता?"

मी म्हटलं, "साहेब, निधी आला तर तो दिल्लीला येईल, मुंबईला येईल. वाक्य मात्र थेट आक्काकडं जाईल."

त्यांनी मला जायची खूण केली. मला वाटलं, संपलं. खोलीवर परत गेलो आणि घोंगडीवाचून बसून राहिलो. आक्काला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

दुसऱ्या दिवशी समितीत साहेबांनी बोलायला मिळावं म्हणून भारताची पाटी उभी केली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच तिरसट होता. "आमच्या निबंधातला आकडा चुकीचा आहे," ते म्हणाले. "आमची मेंढरं चालतात आणि आमचे कारकून बसलेले असतात. एकेक मेंढरू आम्ही जाईल तिथं मोजलं. तेव्हा त्या कोष्टकाच्या आधारानं कुणालाही घरी बसवू नये, ही विनंती."

मग सुदानचे माझे चटणीवाले शेजारी बोलायला लागले, की आमच्याकडंही हेच. मग मालीचे. मग केनियाच्या बाकावरून कुणीतरी. एकेका देशाची पाटी उभी राहत गेली, सगळे आपापल्या कारकुनांच्या गोष्टी सांगायला लागले आणि खोलीत हशा पिकला. इतक्या देशांना एकाच चुकीनं एकत्र आणलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बदललं. मेंढपाळांच्या वाटा आणि त्यांच्या पद्धती सांभाळून चराईची व्यवस्था करावी, असं झालं. कंस गेले.

तज्ज्ञसाहेब सभ्यच होते. त्यांनी हे मान्य केलं आणि तितक्याच सभ्यपणे निधीचा परिच्छेद पुढं ओढला. आकड्यांचा भरवसा नसताना 'देतील' कसं लिहायचं? तिथं 'देण्याचा विचार करतील' असं आलं. मेहरासाहेबांनी सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गडदेजी, तुमच्या बहिणीची मेंढरं देशाला फार महाग पडली." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. निघताना घोंगडी परत द्यायचं त्यांनी नाव काढलं नाही आणि मीही मागितली नाही.

आता ते कुठं असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. त्यांची सगळ्यात जास्त आठवण मला टीव्हीवर अशी माणसं शब्दांवर भांडताना दिसली की येते.

माढा

परत आल्यावर घरी एक रात्र काढली आणि माढ्याची एसटी पकडली. आक्काला पत्ता नसायचा. स्टँडवर विचारायचं, मेंढरं कुणाच्या रानात बसल्यात. कुणीतरी सांगायचंच. त्या दिवशी कळलं, नामदेव तात्यांच्या. आमच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्या रानात मेंढरं बसायची, तेव्हा मी न विचारताही ओळखायला हवं होतं.

दिवस कलला होता. मोकळ्या काळ्या रानात वाडगं लागलेलं, घोडं बांधलेलं, दाजी कुत्र्याला भाकरी टाकत होते. आक्का तीन दगडांच्या चुलीवर कालवण ढवळत होती. मी बसता बसता सांगितलं, "आक्का, काडलं वाक्य."

"काडलं न्हवं?" ती म्हणाली आणि हसली. तिच्या तोंडावर इतकं सुख मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "मंग आता आमास्नी कोन आडवनार न्हाय?"

"न्हाय आक्का. साऱ्या जगानं कबूल केलंया."

दाजींनी सगळं पुन्हा सांगायला लावलं. मसाईच्या दुधाचं ऐकून आक्का म्हणाली, "म्हंजे तितं बी आपलीच मानसं हायती की." मला वाटलं, माझ्या नोकरीचं सार्थक झालं.

तेवढ्यात नामदेव तात्या आले. मुंडासं काढून बांधावर टेकले, मला रामराम घातला. इकडचं तिकडचं बोलले. मग आक्काकडं न बघता म्हणाले, "आक्का, वाईट वाटून घिऊ नगा. पुढल्या साली मेंढरं दुसरीकडं बगा. धरनाचा कालवा हिकडनं चाललाय, खुटं बी ठोकून ग्येल्यात. पानी आलं की ऊस. ऊस लागल्यावर रान मोकळं कवा ऱ्हानार? सगळ्यांचंच तसं हाय. ह्या शिवारात आता कोन बी बसवनार न्हाय."

त्यांचा दोष नव्हता. इतकी वर्षं आभाळाकडं बघून शेती केलेला माणूस, त्याच्या रानात पाणी येत होतं. त्यांना आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवताही येत नव्हता. चहा न घेताच ते उठून गेले.

दाजी कुत्र्यापाशीच बसून राहिले. आक्का कालवण ढवळत होती. मग तिनं विचारलं, "ह्ये बी तितंच ठरलं व्हय रं?"

"न्हाय आक्का. हे हितंच ठरलं. सोलापुरात."

"कवा?"

"आत्ताच. ह्याच महिन्यात कालव्याच्या बैठका झाल्या, मला बी बोलावणं हुतं."

"मंग तवा तू कुटं हुतास?"

ती रागानं बोलली नव्हती. खरंच माहीत नाही म्हणून विचारावं, तसं तिनं विचारलं.

मी म्हणालो, "नैरोबीला हुतो, आक्का."